अफूवर्गातली वेदनाशामकं, डॉक्टर आणि खटले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. एनडीपीएसचे, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालचे खटले माझ्याकडे नेहमी असतात. पण या कायद्याबद्दल मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात ते कोर्टाबाहेर. गणपतीच्या आरतीनंतर, लग्नाच्या पंगतीत, एमवाय रुग्णालयाच्या बाकावर लोक गाठतात. कुणाच्या वडिलांची गोळी डॉक्टरांनी लिहायची बंद केलेली असते, कुणाचा डॉक्टर मुलगाच विचारतो की ताई, हे लिहून मी आत तर नाही ना जाणार? तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या प्रकरणात कागद हातात घेऊन वकिलाशी बोला आणि औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दुखण्यासाठी मॉर्फीन लिहून देणं भारतात गुन्हा आहे का?

नाही. मॉर्फीन हे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक. एनडीपीएस कायद्याचं कलम ८ अशा पदार्थांवर बंदी घालतं, आणि त्याच कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाला सूट आहे. मात्र ही सूट कायद्याने आणि नियमांनी घालून दिलेल्या पद्धतीनेच मिळते. हेतू चांगला आणि कागद कच्चा, अशी गत झाली की डॉक्टर अडकतो.

मग डॉक्टर इतके घाबरतात का?

याचं उत्तर माझ्या घरातूनच देते. माझ्या आत्याला वीस वर्षं संधिवात होता. बोटं वाकडी झालेली, पाठीचे दोन मणके दबलेले. त्यात मूत्रपिंडं कमजोर, त्यामुळे डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या गोळ्या बंद. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर तिला कमी मात्रेत ट्रामाडोल, म्हणजे अफूवर्गातलीच एक गोळी, देत. त्यावर ती निदान स्वतः उठून न्हाणीघरापर्यंत जायची, सकाळी देवापुढे दिवा लावायची. एक दिवस त्यांच्या दवाखान्याजवळच्या औषधाच्या दुकानाची झडती झाली. त्या दुकानाचा आणि आत्याचा काही संबंध नव्हता. पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त पॅरासिटामॉल लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "आता हे मला जमणार नाही, माफ करा."

तिसऱ्या दिवशी आत्याला सारख्या जांभया, नाकाला धार, पोटात मुरडा, हातापायांवर काटा. आम्हाला वाटलं फ्लू आहे. औषध एकदम तोडल्याचा तो त्रास होता, आणि त्याच्या जोडीला मूळचं दुखणं परतलेलं. मला त्या डॉक्टरांचा राग आला, आजही थोडा आहे. पण वकील म्हणून मी हेही जाणते की त्यांची भीती निराधार नव्हती.

ती भीती १९८५ पासूनची आहे. त्या वर्षी एनडीपीएस कायदा आला तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षांची कैद होती, मग सापडलेला माल चिमूटभर असो की पोतंभर. मात्रेप्रमाणे शिक्षा ठरू लागली ती २००१ च्या दुरुस्तीनंतर. मॉर्फीन ठेवायचं तर रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. देशातला वैद्यकीय मॉर्फीनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ साली अवघ्या १८ किलोवर आला. एवढ्या मोठ्या देशाला वर्षभरासाठी १८ किलो! त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्यांनी मॉर्फीनची गोळी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

आणि हे सगळं कुठे? मंदसौर, नीमच, रतलाम हे सरकारी पट्ट्यावर अफू पिकवणारे जिल्हे आपल्या माळव्यातलेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे बोंडांना चिरा लावतात, चीक खरवडून घेतात, सरकार तो तोलून घेतं. अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमचलाच. पट्टे देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला. पीक आपलं, कारखाना आपला, कचेरीही आपलीच, आणि इंदूरच्या सुदामानगरात एक म्हातारी रात्रभर कण्हत पडलेली. हे मला अजूनही सहन होत नाही.

आताचे नियम काय आहेत?

२०१४ ची दुरुस्ती हा मोठा बदल. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुखणं कमी करण्याची जी चळवळ उभी केली, तिचा या दुरुस्तीत मोठा वाटा आहे. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांची संघटना २००७ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालयातही गेली होती. दुरुस्तीने 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधं' असा वेगळा वर्ग केला. २०१५ मध्ये त्यात सहा औषधं घातली: मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन.

आता चार खिडक्या फिरायला नकोत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून रुग्णालयाने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी मान्यता घ्यायची, वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ठेवायचा, साठ्याची आणि वाटपाची नोंदवही ठेवायची, हिशेब वेळेवर पाठवायचा. कायद्याच्या उद्दिष्टांमध्येही वैद्यकीय वापरासाठी ही औषधं मिळतील हे पाहणं आता लिहिलेलं आहे. तरी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालात भारतातली गरज जेमतेम ४ टक्के भागते असं दिसलं. कागद बदलला तरी डॉक्टरांच्या मनातला १९८५ चा कायदा अजून गेलेला नाही.

ट्रामाडोल तर साधी गोळी ना? तिचा काय संबंध?

एप्रिल २०१८ पासून ट्रामाडोल एनडीपीएसखाली 'सायकोट्रॉपिक', म्हणजे मनावर परिणाम करणारं औषध, म्हणून आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गातलं दुसरं औषध त्याआधीपासूनच आहे. शिवाय ट्रामाडोल औषधांच्या एच-१ अनुसूचीत येतं, म्हणजे दुकानदाराला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. दवा बाजारातला दुकानदार पर्ची मागतो, नाव-पत्ता लिहून घेतो, त्यात तुमचा अपमान नाही. त्याच्या वहीत तुमचं नाव असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

घरात किती गोळ्या ठेवता येतात?

सायकोट्रॉपिक औषधांसाठी नियम ६६ आहे. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रा, म्हणजे शंभर गोळ्या किंवा कॅप्सूल. दीर्घकाळ घ्यायचं औषध असेल आणि डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. मॉर्फीनसारख्या अत्यावश्यक औषधांत, तुमच्या चिठ्ठीवर एका वेळी जेवढं दिलं गेलं तेवढं जवळ ठेवता येतं.

आता हा हिशेब बघा. ट्रामाडोलची ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज चार वेळा, महिन्याच्या झाल्या १२०. शंभराची मर्यादा ओलांडली. शुद्ध औषध धरलं तरी ६ ग्रॅम, आणि कायद्यातली 'अल्प मात्रा' ५ ग्रॅम. त्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हीरा सिंग निकालानंतर वजन शुद्ध औषधाचं नाही, भुकटीसकट सगळ्या मिश्रणाचं धरतात. म्हणजे एका प्रामाणिक पेशंटचा महिन्याचा डबा चिठ्ठीशिवाय सापडला, तर तो थेट १० वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गटात जाऊन बसतो. म्हणून डॉक्टरांकडून 'दीर्घकालीन उपचार' हे शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी गोळ्यांबरोबरच ठेवा. आत्याच्या गोळ्या मी पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. झाकणाच्या आतून चिठ्ठीची झेरॉक्स चिकटपट्टीने लावलेली. प्रवासाला निघालो की डबा तसाच पिशवीत.

डॉक्टरवर खटला नेमका कशाखाली होतो?

दोन वाटांनी, आणि त्यांची गल्लत करू नका.

पहिली वाट निष्काळजीपणाची. पेशंट दगावला आणि डॉक्टरच्या हलगर्जीपणाने दगावला असा आरोप. आधी हे भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं. इथे डॉक्टरला चांगलं संरक्षण आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढळढळीत हवा, आणि पुढे जाण्याआधी तपास अधिकाऱ्याने त्या विषयातल्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं.

दुसरी वाट एनडीपीएसची: कलम २१, सायकोट्रॉपिक असेल तर २२. इथे सगळं उलटं होतं. स्वतंत्र डॉक्टरचं मत आधी घ्या असं हा कायदा सांगत नाही. व्यावसायिक मात्रा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या मर्यादेपेक्षा जास्त माल, असेल तर १० ते २० वर्षं, कलम ३७ मुळे जामीन महाकठीण, आणि आरोपपत्र दाखल करायला पोलिसांना १८० दिवस. त्याहून गंभीर म्हणजे कलम ३५. आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असं न्यायालय गृहीत धरतं, तो नव्हता हे आरोपीने शंकेपलीकडे सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या नूर आगा निकालाने इतकं केलं की मूळ गोष्टी सरकारी पक्षाने आधी सिद्ध केल्याच पाहिजेत. पण डॉक्टरच्या प्रकरणात मूळ गोष्टींवर वाद नसतोच. चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली, सही त्याचीच. सगळा प्रश्न हेतूचा: हे औषध दुखणं शमवायला दिलं की विकायला? आणि नेमका तोच प्रश्न कायदा आरोपीच्या डोक्यावर ठेवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. औषध लिहिल्याबद्दल डॉक्टरवर एनडीपीएसचा गुन्हा नोंदवण्याआधी, जेकब मॅथ्यूसारखंच, वेदनाशमन जाणणाऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं लेखी मत घेणं सक्तीचं व्हावं. गोळ्या मोजता कुणालाही येतात. त्या कशासाठी दिल्या हे पोलीस ठाण्यात बसून कळत नाही.

अमेरिकेत डॉक्टरांना वीस-पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, ते काय प्रकरण?

तिथली गोष्ट आपल्या उलट टोकाची आहे. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनची गोळी, बाजारात आलं. कंपनीने त्याचं व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचं दडपून सांगितलं. त्याबद्दल पर्ड्यूशी संलग्न कंपनीने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला. पर्ड्यूनेही २०२० मध्ये या औषधांच्या विक्रीशी संबंधित गुन्हे कबूल केले. मधल्या काळात गोळ्यांचा पूर आला, माणसं मेली, आणि सरकारने डॉक्टरांना पकडायला सुरुवात केली. काहींना पकडायलाच हवं होतं. पण सगळ्यांना नाही.

व्हर्जिनियातल्या डॉ. विल्यम हरविट्झ यांचं उदाहरण मी नवीन वकिलांना आवर्जून सांगते. दुखण्याचे पेशंट लांबून त्यांच्याकडे येत. त्यांतले काही जण गोळ्या बाहेर विकत. २००४ मध्ये ज्यूरीने डॉक्टरांना दोषी ठरवलं, शिक्षा २५ वर्षं. २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण डॉक्टरच्या सद्भावनेचा विचारच करू नका असं ज्यूरीला सांगण्यात आलं होतं. २००७ मध्ये पुन्हा खटला चालला. काही आरोपांत ते दोषी ठरले, शिक्षा झाली ५७ महिने. तोच डॉक्टर, त्याच चिठ्ठ्या. सद्भावनेचा प्रश्न विचारला आणि २५ वर्षांची पाचहून कमी झाली.

पुढे २७ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रुआन खटल्यात सांगितलं की डॉक्टर आपल्या अधिकाराबाहेर जाऊन औषध लिहीत होता, आणि ते जाणूनबुजून किंवा हेतुपुरस्सर करत होता, हे सरकारी पक्षानेच शंकेपलीकडे सिद्ध केलं पाहिजे. वर सांगितलेल्या आपल्या कलम ३५ शेजारी हे ठेवून बघा.

म्हणजे कुठल्याच डॉक्टरवर खटला भरू नये?

भरावा, आणि नेटाने चालवावा. मी स्वतः अशा डॉक्टरची बाजू घेणार नाही. पेशंटला हातही न लावता चिठ्ठी, चिठ्ठीचा भाव गोळ्यांच्या संख्येवर, एका गावच्या वीस जणांना एकच औषध एकाच मात्रेत, मेलेल्या माणसाच्या नावावर साठा. हे उपचार नव्हेत, धंदा आहे. लॉस एंजेलिसच्या एका डॉक्टरला तीन तरुण पेशंटांच्या मृत्यूंबद्दल २०१५ मध्ये खुनाच्या आरोपाखाली दोषी धरलं गेलं. पेशंट मेल्याचे निरोप येऊनही तिचं लिहिणं थांबलं नव्हतं. आपल्याकडे पंजाबात व्यसनमुक्ती केंद्रांतलं ब्युप्रेनॉर्फिन बाहेर विकल्याची प्रकरणं झाली आहेत. असल्या माणसांमुळेच चांगल्या डॉक्टरांचा हात थरथरतो.

कॅन्सर नसताना ही औषधं द्यावीत का?

यावर मी तावातावाने बोलणार नाही, कारण डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत २४० पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या झिजेवर वर्षभराने पाहिलं, तर अफूवर्गातल्या गोळ्या साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. म्हणजे कंबर धरली की ट्रामाडोल, हे चूकच. पण आत्यासारखी माणसं असतात, ज्यांना साधी औषधं चालत नाहीत आणि शस्त्रक्रियाही झेपत नाही. त्यांचं काय करायचं हे त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवावं.

व्यसन लागेल का?

शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी आहेत. काही आठवडे रोज घेतलं की शरीर सवय करून घेतं, एकदम तोडलं की त्रास होतो. ती सवय. त्रास होत असूनही मन त्यामागे धावणं, लपवणं, खोटं बोलणं, मात्रा स्वतःच वाढवणं, हे व्यसन. ते काहींना लागतं, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं. आणि बद्धकोष्ठ जवळजवळ सगळ्यांनाच होतं. त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, कुणी आपणहून सांगत नाही.

आमच्या डॉक्टरांनी औषध एकदम बंद केलं. काय करू?

पहिलं म्हणजे भांडू नका आणि बाजारातून चोरून आणू नका. हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक लेखी मागा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मात्रेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा अर्थ कडक मर्यादा असा लावून तिथे हजारो पेशंटांची औषधं तोडली गेली. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की एकदम बंद केल्याने असह्य वेदना आणि आत्महत्येचा धोका वाढतो. २०२२ मध्ये सीडीसीनेही सूचना बदलल्या. हे तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे सांगा. त्यांना लिहायचंच नसेल तर वेदना विभाग असलेल्या रुग्णालयाच्या नावाने पत्र मागा, आजवरच्या औषधांच्या नोंदीसकट. नव्या डॉक्टरला तुम्ही कोण हे त्या पत्रावरूनच कळतं.

मी डॉक्टर आहे. काय लिहून ठेवू?

तपासणी. दुखणं दहापैकी किती, त्याने काय अडतं: झोप, चालणं, जेवण. आधी कुठली औषधं दिली आणि ती का सोडली. आत्याच्या केसपेपरवर "क्रिएटिनिन वाढलेलं, डायक्लोफेनॅक बंद" ही एक ओळ होती (क्रिएटिनिन वाढणं म्हणजे मूत्रपिंडं कमजोर असल्याची खूण), आणि वकील म्हणून सांगते, ती ओळ दहा साक्षीदारांच्या तोडीची आहे. धोके समजावले आणि पेशंटने सही केली, पुढची तारीख कधी, मात्रा वाढवली तर का. चिठ्ठीवर स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पेशंटचं नाव-पत्ता, एकूण संख्या. कुणाला नकार दिलात तर तोही लिहा. ज्याने नाही म्हटल्याची नोंद आहे, त्याच्या हो म्हणण्यावर न्यायालय विश्वास ठेवतं.

झडती आली तर?

वही फाडू नका, मागची नोंद आज करू नका. त्याच्यासारखा घातक मूर्खपणा नाही. अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारा. फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, ते होतंय ना बघा. पंचनाम्याची प्रत घ्या, त्यात औषध किती सापडलं याबरोबर केसपेपर किती सापडले हेही लिहायला लावा. अटक झाली तर कारणं लेखी मागा. आणि वकिलाला लगेच फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही.

फोनवर किंवा व्हिडिओवर चिठ्ठी मिळेल का?

नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एनडीपीएसमधली औषधं तशी लिहिता येत नाहीत. खरगोन-बडवानीकडच्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी ही मोठी अडचण आहे.

पेशंट गेल्यावर उरलेल्या औषधांचं काय करायचं?

घरात ठेवू नका, शेजारी कुणाला दुखतंय म्हणून देऊ नका, कचऱ्यात टाकू नका. जिथून घेतली तिथे परत न्या.

आत्याला शेवटी एका रुग्णालयाच्या वेदना विभागात ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच मिळाला, सात दिवसांनी बदलायचा. दर रविवारी अंघोळीनंतर मी तो तिच्या खांद्यामागे लावायचे आणि त्यावर बॉलपेनने तारीख टाकायचे. त्यावर शेक घ्यायचा नाही, उष्णतेने औषध जास्त उतरतं, म्हणून तिची गरम पाण्याची पिशवी मी कपाटात टाकली होती. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा, कारण त्यातही औषध उरलेलं असतं. ती गेली तेव्हा पाकिटात तीन पॅच शिल्लक होते. तेराव्यानंतर ते घेऊन गेले. नर्सने मोजले, वहीत 'परत, ३' असं लिहिलं आणि मला सही करायला सांगितली. वरच्या ओळींत दर महिन्याच्या माझ्याच सह्या होत्या.